चिरूट वळणारा सॅम गॉम्पर्स, आणि आपल्या विड्या

जुनाट पेन्सिल

मागच्या दिवाळीत सिन्नरला गेलो होतो, तेव्हा आत्याच्या माळ्यावर पत्र्याचा फरमा सापडला. तळहातापेक्षा लहान, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. टेंभुर्णीच्या ओल्या पानावर तो ठेवायचा आणि विडीसाठी कात्रीनं कडेकडेनं पान कापायचं. आत्यानं चाळीस वर्षं हे केलं. फरमा तिच्या हातात दिला तर बोलता बोलता अंगठा बरोबर ठरलेल्या जागी जाऊन बसला. तेव्हापासून तंबाखू वळणाऱ्यांबद्दल सापडेल ते वाचतोय, आणि वाचता वाचता एका चिरूटवाल्यापाशी येऊन अडकलो. सॅम्युअल गॉम्पर्स, अमेरिकेतला कामगार पुढारी. आपल्याकडे मे दिनाच्या लेखात एखाद्या ओळीत येऊन जातो, तेवढाच.

जन्म २७ जानेवारी १८५०, लंडनच्या ईस्ट एंडात. घराणं हॉलंडहून आलेल्या ज्यूंचं, वडील सॉलोमन चिरूट वळणारे. दहाव्या वर्षी पोराची शाळा सुटली. आधी चांभाराकडे उमेदवारीला ठेवलं, तिथली ठोकाठोक आवडेना म्हणून वडिलांच्याच धंद्यात. १८६३ च्या जुलैअखेर हे कुटुंब सात आठवड्यांचा बोटीचा प्रवास करून न्यूयॉर्कला उतरलं. पहिलं दीड वर्ष बापलेक राहत्या खोलीतच चिरूट वळत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौदाव्या वर्षी युनियनचा सभासद, सतराव्या वर्षी लग्न. हातानं वळायच्या चिरुटाला हत्यारं दोनच, एक पाट आणि एक सुरी. आत भरायचा तंबाखू, त्याला आवळून धरणारं पान आणि वरचं देखणं पान. हात तयार झाला की डोकं मोकळं राहतं. त्यामुळे कारखान्यात एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचं, अशी रीत होती. मजुरी नगावर, मग वाचणाऱ्याचं नुकसान कोण भरणार? तर प्रत्येकजण आपल्यातले थोडे चिरूट त्याच्या ढिगात टाकायचा. गॉम्पर्सचा आवाज दणदणीत, त्यामुळे ही पाळी त्याच्यावर बऱ्याचदा यायची. १८७३ पासून तो डेव्हिड हिर्श या जर्मन समाजवाद्याच्या कारखान्यात होता. तिथे लॉरेल नावाच्या स्वीडिश सहकाऱ्यानं त्याला मार्क्स वाचायला लावला, त्यासाठी हा जर्मन शिकला. पण त्याच लॉरेलनं बजावलं, सभांना खुशाल जा, पण विचार एकच लाव: यात आपल्या युनियनचं काय होतं?

१८७७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या चिरूटवाल्यांचा मोठा संप झाला. गॉम्पर्स आणि त्याचा मित्र अ‍ॅडॉल्फ स्ट्रासर दोघांनाही वाटत होतं की अजून वेळ आलेली नाही, गाठीला पैसा नाही. पण लोक उठलेच. त्यात खोल्यांमधून घरबसल्या वळणारी चेक कुटुंबंही होती. बऱ्याच ठिकाणी मालक हाच घरमालक, त्यानं संपकऱ्यांना सरळ रस्त्यावर काढलं. १०७ दिवसांनी संप मोडला. त्यानंतर गॉम्पर्सला महिनोन् महिने कुणी कामाला उभं करेना. घरात पीठ, पाणी, मीठ आणि मिरपूड एवढ्यावर सूप व्हायचं.

या हरलेल्या संपातून तो जे शिकला त्यावर पुढची पन्नास वर्षं चालला. वर्गणी चढी ठेवायची, गंगाजळी साठवायची, आजारपणाला आणि मयताला युनियननं पैसे द्यायचे, आणि संप पुकारायचा तो तिजोरी बघून. दुसरी लढाई घरात वळण्याविरुद्धची. खोल्या आतून बघता याव्यात म्हणून हा पुस्तकांचे संच विकणारा फेरीवाला बनून चाळीचाळीतून हिंडला. एकाच खोलीत झोपणं, चूल, पोरं आणि वाळत घातलेला तंबाखू. जे पाहिलं त्यावर १८८१ मध्ये एका जर्मन वर्तमानपत्रात लेख लिहिले. मग विधिमंडळ गाठलं. तिथल्या एका २३ वर्षांच्या श्रीमंत घरच्या सभासदाचा घरात वळायची बंदी करणाऱ्या कायद्याला विरोध होता. गॉम्पर्सनं त्याला त्या खोल्यांतून फिरवलं आणि गडी पालटला. त्याचं नाव थिओडोर रुझवेल्ट, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच. १८८३ मध्ये कायदा झाला, कोर्टात तांत्रिक मुद्द्यावर पडला. १८८४ मध्ये दुसरा केला, तोही जानेवारी १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं उडवला.

मग? मग त्यानं कायद्याचा नाद सोडला. चिकाटीनं संप आणि प्रचार करून मालकांना इतकं सतावलं की घरात काम देणंच त्यांना परवडेना. सरकारनं जे दिलं नाही ते आम्ही आमच्या जोरावर मिळवलं, हे तो म्हातारपणीही सांगायचा. डिसेंबर १८८६ मध्ये कोलंबस गावी अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर स्थापन झालं, हा अध्यक्ष. पगार वर्षाला १००० डॉलर. कचेरी म्हणजे युनियननं दिलेली दहा बाय आठ फुटांची खोली. स्वयंपाकघरातलं टेबल, बसायला खोकं, आणि कागद लावायला वाण्याकडची टोमॅटोची खोकी. एका वर्षाचा खंड सोडला (१८९४ मध्ये निवडणूक हरला) तर मरेपर्यंत तोच अध्यक्ष. १९२० च्या सुमारास सभासद ४० लाखांच्या घरात.

आणि सरकार नको नको म्हणणारा हा माणूस शेवटी सरकारच्याच पंगतीला बसला. १९१६ मध्ये अध्यक्ष विल्सननी राष्ट्रीय संरक्षण परिषदेच्या सात जणांच्या सल्लागार मंडळावर त्याला नेमलं. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत आंतरराष्ट्रीय कामगार कायद्यांसाठी नऊ देशांच्या १५ जणांचा आयोग बसला, त्याच्या अध्यक्षपदी गॉम्पर्स. आजची आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना त्या आयोगातून निघाली. दहाव्या वर्षी शाळा सुटलेला पोरगा व्हर्सायच्या तहाचं एक अख्खं प्रकरण घडवतो, हे मला भारी वाटलं. बाकी तुम्ही बोला.

---

तात्या७२

लेख झकास, पण माणूस जरा धुऊन पुसून ठेवलाय. हा गृहस्थ मालकांच्या मांडीला मांडी लावून बसणारा होता. उद्योगपतींच्या क्लबात जेवायचा. १९०५ मध्ये शिकागोत अकुशल, स्थलांतरित, गोदीतले, जंगलातले अशा सगळ्यांची मोट बांधणारी आयडब्ल्यूडब्ल्यू (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) ही युनियन निघाली, तिच्यावर हा तुटून पडला. महायुद्धात सरकारच्या बाजूनं उभा राहिला, युद्धाला विरोध करणारे समाजवादी तुरुंगात गेले तेव्हा याला त्याचं काही वाटलं नाही. चढी वर्गणी म्हणजे काय? ज्याला परवडते त्याची युनियन. ज्याला परवडत नाही त्यानं काय करायचं?

---

जुनाट पेन्सिल

तात्या, वर्गणीचा मुद्दा मान्य. पण मालकधार्जिणा म्हणणं मला जड जातं. एका शेगडी कारखान्यावर बहिष्कार टाकल्याबद्दल कोर्टाचा मनाई हुकूम होता. फेडरेशनच्या मासिकात यादी छापून यानं तो मोडला म्हणून १९०८ मध्ये वर्षाच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. अपिलात सुटला ती गोष्ट वेगळी. आणि शिकागोच्या हेमार्केट बॉम्ब खटल्यातल्या अराजकवाद्यांशी याचं कधी जमलं नाही, तरी १८८७ मध्ये त्यांची फाशी टळावी म्हणून राज्यपालांपुढे जाऊन विनवणी करणाऱ्यांत हा होता.

---

अटलांटिकपार

तात्यांनी सोडलेला सगळ्यात मोठा डाग मी सांगते. चिनी.

इथे न्यू जर्सीत जुन्या वस्तूंच्या बाजारात चिरुटांची लाकडी खोकी खूप येतात. काहींवर फिकट निळ्या कागदाची पट्टी असते, चिरूटवाल्यांच्या युनियनची. हा माल युनियनच्या माणसानं बनवलाय, याची खूण. १८८० पासूनची. दुकानात जाऊन निळी पट्टी बघून चिरूट घ्या, असा प्रचार चालायचा. कल्पना म्हणून ग्राहकाच्या हाती दिलेलं फार चांगलं हत्यार. मीही एक खोकं कौतुकानं घेतलं, सुईदोरे ठेवते त्यात.

मग कळलं की निळ्याच्या आधी पांढरी पट्टी होती, सॅन फ्रान्सिस्कोतली, १८७० च्या दशकातली. ती सांगायची की हा चिरूट गोऱ्या माणसानं वळलाय. कॅलिफोर्नियातले बरेचसे चिरूट तेव्हा चिनी कामगार वळत होते. १८८२ मध्ये चिन्यांना देशात यायची बंदी करणारा कायदा झाला, गॉम्पर्स त्याचा कट्टर समर्थक. १९०२ मध्ये ती बंदी वाढवावी म्हणून त्यानं सहलेखकासोबत जी पुस्तिका काढली, ती आज वाचवत नाही. स्वतः बोटीतून उतरलेला, ज्यू, गरिबाचा पोर. दार आपल्यामागे लावून घ्यायची घाई अशा माणसाला का व्हावी, हे मला अजून उमगलेलं नाही.

---

जुनाट पेन्सिल

हे लेखात यायला हवं होतं, माझी चूक. माझा अंदाज सांगतो. त्याचं सगळं राजकारण त्या पाटावरून आलं. पाटाशेजारी बसलेला माणूस त्याला दिसायचा. त्याच्या हाताची किंमत कमी करणारा जो कुणी आला, मग तो चिरूट दाबून आकार देणारा लाकडी साचा असो, खोलीत वळणारी बाई असो की चिनी कामगार, तो शत्रू. १८६९ च्या सुमारास साचे आले तेव्हा युनियननं साच्यावर काम करणाऱ्यांबरोबर बसायचीच बंदी केली होती. ती उठवा, त्यांना आत घ्या, म्हणून गॉम्पर्स आणि स्ट्रासर भांडले. १८७५ मध्ये त्यांची १४४ नंबरची शाखा सगळ्यांना खुली होती. म्हणजे साचेवाल्याला, घरात वळणाऱ्याला तो आत घेऊ शकला. चिनी माणसाला नाही. समर्थन नाही करत, नुसतं कुंपण कुठवर होतं ते सांगतोय.

---

मीनल_का

बायको कुठेय या गोष्टीत?

---

जुनाट पेन्सिल

सोफिया ज्युलियन. तीही चिरुटाच्या कारखान्यातच, पानाच्या शिरा काढायचं काम. लग्न झालं तेव्हा हा सतराचा, ती सोळाची. संपानंतरच्या त्या उपासमारीत ती बाळंत होत होती आणि फीचे पैसे नाहीत म्हणून डॉक्टर यायला तयार नव्हता. गॉम्पर्सनं त्याला दमात घेऊन घरी आणलं. आत्मचरित्रात हा प्रसंग त्याच्या हिमतीचा म्हणून येतो. तिच्या तोंडून आला असता तर वेगळा वाचला असता, हे खरं.

---

वकिलीण

मला १८८५ च्या निकालावर थांबायचंय. प्रकरण जेकब्स नावाच्या माणसाचं. बायको आणि दोन मुलांसह राहायचा, त्याच घरात एका खोलीत चिरूट वळायचा म्हणून पकडला गेला. कोर्ट म्हणालं, माणसाला त्याच्या घरातून, तिथल्या पवित्र सहवासातून ओढून दुसरीकडे कामाला लावल्यानं त्याची तब्येत की नीती कशी सुधारणार ते आम्हाला समजत नाही. आणि मालकाला जसा करार करायचं स्वातंत्र्य तसं कामगारालाही. घर म्हणजे मंदिर, असा एकूण सूर. त्या मंदिरात तंबाखूची धूळ किती, हे न्यायमूर्तींनी हुंगून पाहिलं नव्हतं.

आता आपल्याकडे या. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा. आपल्या संसदेनं घरी वळायची बंदी केली नाही. उलट घरी वळणारी बाईसुद्धा मालकाची कामगारच, मध्ये कंत्राटदार असला तरी, अशी व्याख्या केली. विड्या नापास करण्यावरून तंटा झाला तर दाद मागायची वाट ठेवली. मालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. प्रश्न तोच, राहत्या घरातला तंबाखू. गॉम्पर्सला तिथे ना कायदा टिकवता आला ना अशी व्याख्या सुचली. त्याला खोली रिकामी करायची होती, आपल्या कायद्यानं खोलीत वळणारीलाच कामगार मानलं. कोणतं बरं, हे मला ठरवता येत नाही. अंमलबजावणीबद्दल बोलायला लागले तर रात्र सरेल.

---

पूर्वभागकर

वकिलीणबाईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आई, मावशी, दोन बहिणी, सगळ्यांनी विड्या वळल्या. आमच्याकडे पुरुष मागावर, बायका सुपावर. सूप मांडीवर, पानं रात्रीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली, दोरा डाव्या हाताला. शाळेतून आलो की विड्यांची तोंडं मुडपायचं काम माझं. नखाला तंबाखूचा पिवळेपणा आणि वरणभातालाही तोच वास.

सकाळी तयार माल घेऊन ब्रँचला जायचं. तपासणारा मूठभर विड्या उचलायचा, दोन दाबून बघायचा आणि मूठच्या मूठ छाट म्हणून बाजूला. कंपनीचं नाव घेत नाही. छाट विड्यांची मजुरी नाही, आणि त्या परतही मिळायच्या नाहीत. त्यांचं पुढे काय व्हायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पान कमी भरलं तर पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणायचं, वजन पुरं करायचं. कायदा १९६६ चा, मी सांगतोय ते ऐंशीच्या दशकातलं.

चळवळीमुळे मिळालं ते मात्र डोळ्यांनी पाहिलं. आमचे कम्युनिस्ट पुढारी आडम मास्तर, त्यांनी विडी कामगार बायकांसाठी घरांची मागणी लावून धरली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. मावशीचं घर तिथेच. आता गंमत बघा. घर मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात त्या नव्या फरशीवर सूप आलं. गॉम्पर्सनं बघितलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे. मावशी म्हणायची, आता सुपावर छत गळत नाही.

---

तात्या७२

पूर्वभागकर, सलाम. तुमच्यासमोर आमची पुस्तकी भांडणं गप्प.

---

थलशेरी रिटर्न

वाचून दाखवायच्या रीतीबद्दल. नोकरीनिमित्त कण्णूरला सहा वर्षं होतो. तिथल्या विडी कारखान्यांत अगदी हीच पद्धत होती. एकजण सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे भरून द्यायचे. मल्याळी विडीवाल्यांनी न्यूयॉर्कचं ऐकलेलं असण्याची शक्यता शून्य. क्यूबात तर १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांत वाचक असायचा आणि मालकांना त्याची धास्ती वाटायची. हात गुंतलेले, कान रिकामे, यंत्राचा आवाज नाही. तंबाखूच्या धंद्यातून पुढारी का निघतात याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. गिरणीच्या मागापाशी कोण काय वाचणार?

१९६६ चा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा कण्णूरच्या मोठ्या मालकांनी कारखानेच बंद केले. त्या बेकार कामगारांची १९६९ मध्ये सहकारी संस्था निघाली, दिनेश विडी. विडीला उतरती कळा लागल्यावर तिनं मसाले, छत्र्या असे धंदे काढले. मी घेतलेली छत्री अजून चालू आहे.

---

गोरेगावकर (माणगावचे)

सिन्नर, सोलापूर आलं, पण सगळ्यात थेट धागा राहिला. पॅरिसच्या त्या आयोगातून जी संघटना निघाली तिची पहिली परिषद ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तिथे कोण गेलं? आमच्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. भारत सेवक समाजाचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. धोतर-पगडीतला माणूस, आयुष्यात कधी तंबाखू वळलेला नाही की साचा चालवलेला नाही.

मजा अशी की यजमान अमेरिकाच संघटनेची सभासद नव्हती, सिनेटनं तह मंजूर केलेला नव्हता. म्हणजे आयोगाचा अध्यक्ष गॉम्पर्स आपल्याच गावात मताविना पाहुणा, आणि पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानचे जोशी मतासह सभासद. त्या परिषदेत बहुतेक देशांसाठी ४८ तासांचा आठवडा ठरला. हिंदुस्थानसाठी वेगळं कलम, ६० तासांचा आठवडा. हवा वेगळी, सवयी वेगळ्या, हे नेहमीचं. तरी ६० हेही आपल्या गिरण्यांना खाली यावं लागलं असा आकडा होता, १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात तो आला.

जोश्यांना सरकारनं नेमलं होतं, कामगारांनी निवडलं नव्हतं, यावरून इकडे कुरबुर झाली. प्रतिनिधी आपणच निवडायचा तर आपली मध्यवर्ती संघटना हवी. ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष, त्यामागे हेही एक कारण. पुढे जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीनं बसले आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा त्यांच्या पाठपुराव्यामुळे झाला. गॉम्पर्सचा कायद्यावरचा विश्वास कोर्टानं उडवला. जोश्यांना कायद्याशिवाय पर्यायच नव्हता, कारण त्याआधी नुसती युनियन काढून संप केला तरी पुढाऱ्यावर कराराच्या भंगाचा दावा लागायचा. मद्रासच्या गिरणी कामगारांचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर लागलाच होता.

---

मीनल_का

हे वाचून जोशींवर स्वतंत्र धागा काढा अशी विनंती.

---

पूर्वभागकर

पेन्सिलराव, एक राहिलं. त्या खोल्यांतून वळणाऱ्या चेक बायकांचं पुढे काय झालं? आणि युनियनचं?

---

जुनाट पेन्सिल

बायका मोठ्या कारखान्यांत गेल्या, साच्यांवर. १९२० च्या आसपास चिरूट वळायची यंत्रं आली, त्यांच्यावरही बहुतेक बायकाच बसवल्या. युनियन पुन्हा जुन्या वळणावर, यंत्रवाल्यांना आत घ्यायला तयार होईना. तोवर लोक सिगारेटकडे वळले होते. सरतेशेवटी १९७४ मध्ये ती दुकान कामगारांच्या एका मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली. गॉम्पर्स हे बघायला नव्हता. १९२४ मध्ये तो मेक्सिको सिटीत आजारी पडला. मायदेशी मरायचंय म्हणाला म्हणून गाडीनं हलवलं, आणि सॅन अँटोनियोत १३ डिसेंबरला गेला.

हा सगळा धागा काल रात्री आत्याला फोनवर वाचून दाखवला. निम्म्यात म्हणाली, जेवणं व्हायचीत, आटप. पण छाटीचं ऐकल्यावर थांबली आणि सोलापूरच्या मावशींना किती पानं मिळायची, हजाराला किती कमी पडायची, ते विचारून ठेव म्हणाली. पूर्वभागकर, आठवत असेल तर सांगा.

फरम्याचा फोटो दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपातून मागितला. फरमा तिनं परत मागून घेतला आहे. पुढच्या खेपेला काढून टाकतो.